मागच्या बाकावरचे सर

नववी 'ब'च्या मागच्या बाकावर एखादे सर वही उघडून बसले, की पुढची पस्तीस मिनिटं सगळा वर्ग नाटकात काम करतो. वर्षभर कपाटामागे गुंडाळून पडलेला तक्ता भिंतीवर चढतो, शिकवणाऱ्याचा आवाज दोन पट्ट्या वर जातो आणि ज्या मुलाला उत्तर येतं त्यालाच नेमका प्रश्न जातो. मुलंही मायाळू. 'आज बाईंचं काहीतरी आहे' हे ओळखून न येणारीही हात वर करतात. इतकी वर्षं आम्ही याला पाठ निरीक्षण म्हणत होतो, आता कोचिंग म्हणतो, आणि मागच्या बाकावरच्या सरांना कोच. नाशकात हा शब्द जरा अडचणीचाच. कॉलेज रोडवर कोचिंग म्हणजे नीट-जेईईचे क्लास. मास्तरांनाच कोचिंग लावलंय म्हटल्यावर पालक काळजीत पडतात.

निरीक्षण आणि कोचिंग यांतला फरक वहीत दिसतो. निरीक्षणाच्या वहीत शेरे असतात: 'फलकलेखन सुवाच्य. प्रयत्न स्तुत्य.' हे पाठ न बघताही लिहिता येतं, आणि लिहिलं जातंही. कोचच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे वेळ आणि शिक्षक जे बोलले ते जसंच्या तसं, उजवीकडे मुलांनी काय केलं. शेरा एकही नाही, आणि तरी ते जास्त झोंबतं. डाव्या रकान्यात 'समजलं का?' समोर रेघा पडत जातात, द्राक्षाच्या पेट्या मोजाव्यात तशा पाच-पाचच्या जुड्या होतात. उजवीकडे प्रत्येक वेळी एकच नोंद: 'होऽऽ', सामुदायिक.

सगळ्यांत अवघड जागा प्रश्नानंतरची. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी 1974 साली मांडलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं, तर उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटत असेल तर फळ्यासमोर उभं राहून बघा. साठ डोकी, करकरणारा पंखा आणि शांतता. त्यापुढे द्वारका चौकातला सिग्नल परवडला. दुसऱ्या सेकंदाला आपलंच तोंड उघडतं आणि आपल्याच प्रश्नाचं उत्तर आपण, अगदी बरोबर, देऊन टाकतो. उपाय एकच: हात मागे बांधायचे आणि मनात सावकाश 'रामकुंड, काळाराम, सीतागुंफा' म्हणायचं. पंचवटी फिरून होईपर्यंत एखादा हात वर येतो.

कोचने पाठाआधी दहा मिनिटं बसून एकच गोष्ट ठरवायची: उद्या फक्त थांबणं बघू. फळा, शिस्त, गृहपाठ सगळं एकदम बघायला गेलं की कोच दमतो आणि शिक्षक रुसतो. पाठानंतरची पंधरा मिनिटं दुसऱ्या दिवसाच्या आत, आणि पहिलं बोलणं शिक्षकाचं. इथे कोचनेही थांबायचं असतं. पण 'मी तुमच्या जागी असतो तर' हे वाक्य कुणाला आवरलंय? आणि ती वही एकदा का गोपनीय अहवालाच्या फायलीशेजारी गेली, की पुढच्या वेळी तक्ता परत भिंतीवर.

दुसरं प्रकरण शिक्षकांच्या अध्ययन गटाचं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवलीय, त्यामुळे गट झटपट स्थापन होतात. चालतात मात्र ते, जिथे एका विषयाचे चार-पाच जण पंधरवड्यातून एकदा एकाच चाचणीचे पेपर घेऊन बसतात. पेपर नसले की सभा होते. सभेत सहल, स्नेहसंमेलन, यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती आणि शेवटी 'आजकालची मुलं अभ्यासच करत नाहीत' हा ठराव एकमताने.

पेपर आणले की गठ्ठे करायचे: बरोबर, अर्धवट, चूक. 'चूक'चा गठ्ठा पुन्हा चुकांच्या प्रकारांनुसार फोडायचा. सगळ्यांत जाड गठ्ठा ठरलेला: (अ + ब)² = अ² + ब². याला आळस कारण नाही. 2(अ + ब) = 2अ + 2ब हे मुलांना पक्कं येतं, तोच न्याय ती वर्ग करतानाही लावतात. अ = 2, ब = 3 घालायला लावलं, की एकीकडे 25 येतात आणि दुसरीकडे 13. मग 5 सेंटिमीटर बाजूचा कागदी चौरस, लगतच्या दोन बाजूंवर 2 सेंटिमीटरवर घडी, आणि कात्री. तुकडे चार: 4 चा, 9 चा आणि 6-6 चे दोन आयत. हरवलेले 12 हातातच सापडतात. पंधरा दिवसांनी, आधी न सांगता, तशीच तीन गणितं द्यायची. ती दिली नाहीत तर नुसतंच कागदकाम झालं.

जड जातं ते वेगळंच. 'माझ्या वर्गात बावीस जणांचं चुकलं' हे मोठ्याने म्हणणं, आणि ज्यांच्या वर्गात सहाच चुकले त्यांना 'मॅडम, तुम्ही कसं शिकवलंत?' असं विचारणं. मॅडमची नोकरी पाच वर्षांची, विचारणाऱ्याची पंचवीस. नेमका तेव्हाच चहा येतो. म्हणून चहा शेवटी सांगावा.

बैठक शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ठेवली तर जीव मिसळीत असतो. त्यामुळे बुधवारचा चौथा तास सगळ्यांचा मोकळा ठेवावा लागतो. पण मोकळा तास दिसला की पर्यवेक्षक त्यावर गैरहजर शिक्षकाचा ऑफ तास लावतात. म्हणून वेळापत्रकात आम्ही 'मोकळा' लिहीत नाही, 'गणित प्रयोगशाळा' लिहितो. शाळेत गणित प्रयोगशाळा नाही, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.