गळ्याशी आलेलं पाणी

परवा आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर बायबलातलं यिर्मया २९:११ आलं, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचेच संकल्प आहेत असं देव म्हणतो ते वचन. मागं सूर्योदय, कोपऱ्यात गुलाब, मधोमध 'हिताचे संकल्प'. खाली रांगेनं आमेन. मीही एक ठोकला. मग मनात आलं, ह्याच्या वरचं वचन कुणी कधी सूर्योदयावर छापलंय का? दहाव्या वचनात सत्तर वर्षं आहेत. हे पत्र यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलात, म्हणजे बॅबिलोनात, धरून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेलं. त्यातल्या म्हाताऱ्यांना घर पुन्हा दिसणारच नव्हतं. त्यांना सांगितलंय, तिथंच घरं बांधा, मळे लावा, त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आपण एवढं सगळं सोडून अकरावं वचन तेवढं दहावीच्या निकालाआधी पोरांना पाठवतो.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. नोकरी करतो, अधूनमधून एखाद्या रविवारी संदेश द्यायची पाळी येते. त्यामुळं हे दुसऱ्या कुणाबद्दल लिहीत नाहीये.

ऑगस्ट २०१९ चा पूर. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ च्या वर गेलेलं. ओसरल्यावर आम्ही चौघं मंडळीतल्या एका आजींकडं चिखल काढायला गेलो. भिंतीवर माझ्या छातीच्या वर पाण्याची रेघ. गाद्या दारात फुगून पडलेल्या. आजींचं पवित्र शास्त्र कट्ट्यावर वाळत घातलेलं, जाडीला दुप्पट झालेलं. काम झाल्यावर मी माझं कोरडं बायबल काढलं आणि यशया ४३:२ वाचलं : नद्यांतून जाशील तेव्हा त्या तुला बुडवणार नाहीत.

"बुडीवलं की रं बाळा," आजी म्हणाल्या. रागानं नाही. दुकानदाराला हिशोबातली चूक दाखवावी तशा. "एकोणसत्तरावं स्तोत्र काढ."

मी पानं चाळतोय तोवर त्या पाठच म्हणायला लागल्या. देवा, मला तार, पाणी गळ्याशी आलंय, खोल चिखलात रुतलोय. पार शेवटपर्यंत म्हटलं, मधल्या शत्रूंवरच्या शापांसकट. मी असतो तर ते गाळले असते.

घरी येऊन यशया मागून वाचत आलो. ४२ व्या अध्यायाच्या शेवटी हेच लोक लुटलेले, आगीनं होरपळलेले आहेत. म्हणजे ते अभिवचन एकदा बुडून झालेल्यांना दिलेलं होतं, आणि तेवढंच मी नेमकं कापून नेलं होतं. (आता कुणी यावरून 'पूर म्हणजे पापाची शिक्षा' असं काढणार असेल तर त्यानं लूक १३ वाचावा. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा जास्त पापी होते काय, असं येशूच विचारतो.)

एक मित्र म्हणतो, येशूनंही नासरेथात, आपल्याच गावच्या सभास्थानात, यशयाचं वाक्य मध्येच थांबवलं, 'सूड घेण्याचा दिवस' वाचलाच नाही. खरंय. पण पुढं बघा. लोक खूश झाले, तेव्हा त्यानं सारफथची विधवा आणि सूरियाचा नामान काढला, दोघंही परके, आणि देवाची मदत इस्राएलातल्यांना सोडून त्यांना मिळाली म्हणाला. गाववाले त्याला कड्यावरून ढकलायला निघाले. आपण थांबतो ते टाळ्या मिळाव्यात म्हणून.

प्रेषित पौल इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना म्हणाला, देवाचा संपूर्ण मनोदय सांगायला मी कसूर केली नाही. मी केलीय. दोन वर्षांमागं याकोबाच्या पत्रावर बोलायचं होतं. दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठीवाला सभेत येतो, त्याला चांगली जागा मिळते, गरिबाला म्हणतात पायाशी बस. त्या आठवड्यात पहिल्या बाकावरच्या एका गृहस्थांनी छपरासाठी मोठी देणगी दिली होती. मी पहिल्या अध्यायावरून थेट तिसऱ्यावर, जिभेवर गेलो. जिभेवर बोललं की कुणी दुखावत नाही, प्रत्येकाला शेजारीण आठवते.

त्या दिवशी आजी मागच्या बाकावर होत्या. बाहेर आल्यावर चप्पल घालता घालता एवढंच म्हणाल्या, "दुसरा अध्याय ऱ्हायला न्हवं?"

येत्या रविवारी पुन्हा माझी पाळी आहे. दुसराच अध्याय घेतोय. छप्पर अजून गळतंय.