आपलीच माणसं उठवण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो. पण डोकं तापलेलं होतं, म्हणून चार दिवस जाऊ दिले. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की मतदानाच्या दिवशी पक्षाची पोरं दारोदार फिरून ‘मतदान काढतात’, त्याला नाक मुरडायचं कारण नाही. त्यावर मिरजेच्या या निवृत्त शिक्षकांनी, ज्यांनी केंद्राध्यक्ष म्हणून कित्येक निवडणुका काढल्या आहेत, लिहिलं: ‘तुम्ही फक्त तुमची माणसं उठवता. शेजारचा झोपून राहिला तर मनातून खूश होता. वर त्याला लोकशाहीची सेवा म्हणता. वाढवायचं तर सगळ्यांचं मतदान वाढवा, नाहीतर सरळ धंदा म्हणा.’ आणि खाली एक प्रश्न: ‘विरोधी गटाचा माणूस तुमच्या टेबलावर आला तर त्याला चिठ्ठी मिळते का?’ (टेबल म्हणजे केंद्राबाहेर पक्षाची पोरं यादी घेऊन बसतात ते, आणि चिठ्ठी म्हणजे मतदाराचं नाव, अनुक्रमांक, खोली लिहिलेला कागद.)

पहिल्या भागाबद्दल मी अजूनही भांडणार आहे. शेवटच्या प्रश्नानं मात्र पकडलंत.

शेजारचा झोपून राहिला तर बरं वाटतं का? वाटतं की. खोटं कशाला बोलू? पण बरं वाटणं वेगळं आणि त्याच्या दाराला बाहेरून कडी घालणं वेगळं. मी माझी माणसं उठवतो, समोरचा त्याची उठवतो. कृष्णाकाठच्या आमच्यासारख्या गावात दोन गट जागे असले की उजाडायच्या आत दोन्हीकडची पोरं गल्लीत असतात आणि दुपारपर्यंत झोपायला कुणी उरतच नाही.

चुरस नसली की काय होतं, तेही आम्ही सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगाव मतदारसंघवाल्यांनी बघितलंय. 2018 ची विधानसभेची पोटनिवडणूक बिनविरोध झाली, म्हणजे कुणाच्या बोटाला शाई लागलीच नाही. 2019 ला काँग्रेसचे विश्वजित कदम प्रचंड मतांनी आले आणि दुसऱ्या नंबरावर कुठला उमेदवार नव्हताच, ‘नोटा’ होता. वीस हजारांच्या वर मतं. त्या ‘नोटा’चे कुणी काय अर्थ लावले ते सोडा. मला त्यात एवढंच दिसतं की वीस हजार माणसं घरातून निघाली, रांगेत उभी राहिली आणि आत जाऊन त्यांनी एकाही उमेदवाराला मत दिलं नाही. उठवणारा फार तर शाळेच्या फाटकापर्यंत येतो. पुठ्ठ्याच्या आडोशामागे माणूस एकटाच असतो.

सगळ्यांचं मतदान वाढवायला निवडणूक आयोगाचा ‘स्वीप’ हा मतदार जागृतीचा कार्यक्रम 2009 पासून आहेच. प्रभातफेऱ्या, रांगोळ्या, मुलांमार्फत आईवडिलांकडून लिहून घेतलेली ‘मत देईन’ अशी संकल्पपत्रं. तुम्ही स्वतः असल्या फेऱ्या काढल्या असतील. वाईट काहीच नाही. पण दुपारी चार वाजता ऊस पाजून आलेला माणूस ‘आता कुठं जायचं’ म्हणत अंगणात बसलेला असतो, त्याला त्याच्या नावानं हाक मारायला फलक येत नाही. ज्याला त्या माणसाच्या मताची गरज आहे तोच येतो. ही गरज तुम्हाला धंदा वाटते. मला वाटतं या कामाला लागणारी ढोरमेहनत दुसऱ्या कशानं निघतच नाही.

आता हाक कशी मारायची, हा खरा वादाचा मुद्दा, आणि मूळ लेखात तो मी उरकून टाकला होता. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये 2006 साली गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर या तीन अभ्यासकांनी एक प्रयोग केला होता. काही मतदारांना पत्रं गेली, त्यात त्यांचं आणि शेजाऱ्यांचं नाव आणि मागच्या वेळी कुणी मत दिलं, कुणी नाही, ते छापलेलं. निवडणुकीनंतर सुधारित यादी पुन्हा पाठवू, असंही खाली लिहिलेलं. ज्यांना पत्र गेलं नाही त्यांच्यात मतदान 29.7 टक्के, हे पत्र गेलेल्यांत 37.8. नुसत्या एका कागदानं शंभरात आठ माणसं जास्त!

आमच्याकडे त्या कागदाचीही गरज नाही. तीन वाजता यादीवर खुणा करणारं पोरगं पारावर येतं आणि चारचौघांत ओरडतं, ‘तात्या, तुमच्या घरातली चार मतं अजून र्‍हायल्यात!’ तात्या उठतात, पण खाली मान घालून. आपल्याकडे कुणी मत दिलं हे गुप्त नसतं, कुणाला दिलं तेवढं गुप्त असतं. तेही केंद्रनिहाय आकडे बाहेर आले की वस्तीपुरतं उघडंच पडतं. ‘खालच्या आळीनं दगा दिला’ हे वाक्य मतमोजणीच्या संध्याकाळी मी कितीदा ऐकलंय! मग त्या आळीच्या रस्त्याचं खडीकरण मागं पडतं. घरी जाऊन, चहा घेत, ‘तात्या चला, मी येतो सोबत’ म्हणणं मला मान्य आहे. पारावरचं ओरडणं नाही. मी स्वतः ओरडलोय, हेही लिहून ठेवतो.

पक्षाच्या गाडीतून मतदार आणणं कायद्यात बसत नाही, हेही तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, माझं चूक होतं. ‘म्हाताऱ्या माणसाला जीपमध्ये बसवलं तर बिघडलं काय?’ असं मी लिहून गेलो. लोकसभा-विधानसभेला 1951 चा लोकप्रतिनिधित्व कायदा लागतो. त्याच्या कलम 123(5) प्रमाणे उमेदवाराच्या बाजूनं मतदारांची फुकट ने-आण करणं हा भ्रष्ट आचार आहे, मग गाडी भाड्याची असो की कुणी अशीच दिलेली. मतदारांनी आपसांत वर्गणी काढून वाहन केलेलं चालतं, पण ते यंत्रावर चालणारं नको. म्हणजे बैलगाडी चालते! हे वाचून मी आधी हसलो. मग विटा-आटपाडीकडची गलाईची मंडळी आठवली. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली ही घरं, मतदार यादीत नाव मात्र गावात. ग्रामपंचायत आली की कुणीतरी ट्रॅव्हल्स लावतो. दीड दिवसाचा प्रवास, वाटेत जेवण, परतीचं तिकीट. गाडीतून उतरलेल्या माणसाला त्या दिवशी कुणी पाकीट देत नाही, द्यावं लागतही नाही. ज्याच्या गाडीनं आलो त्याचं मीठ खाल्लंय, हे त्याच्या मनात पक्कं असतं. वरच्या आळीतल्या म्हातारीला जीपमध्ये बसवतानाही हेच होतं, फक्त अंतर कमी.

तर आता चिठ्ठी.

2017 ची जिल्हा परिषद. आमचं टेबल केंद्रापासून लांब, लिंबाखाली. यादी, पट्टी, दोन पेनं, पाण्याचा जार. सकाळी अकराच्या सुमारास एक म्हातारी आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत ओळखपत्र, पायात एकच चप्पल धड, दुसरीला सुतळी बांधलेली. म्हणाली, ‘बाळा, माजं नाव बग की कुटल्या खोलीत हाय.’ तिचं घर समोरच्या गटाचं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत. आमच्यातला एकजण यादीवरची नजरही न काढता म्हणाला, ‘मावशी, तुमचं टेबल पल्याड हाय.’ पल्याडचं टेबल शाळेच्या मागच्या बाजूला, उन्हातून वळसा घालून. ती निघाली. मी यादी उघडून बसलो होतो. तिच्या वस्तीचं पान माझ्याच हाताखाली होतं. मी नाव शोधलं नाही.

ती पुढे मत देऊन आली की तशीच घरी गेली, ते मला आजही ठाऊक नाही.

म्हणजे सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, मिळाली नाही. आणि तिला मी झोपेत ठेवलं असंही म्हणता येत नाही. ती आपल्या पायानं उठून आली होती.

आयोगाच्या नियमात पक्षांनी वाटायची चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर हवी, त्यावर उमेदवाराचं नाव नको, चिन्ह नको. इतकी वर्षं मी याकडे छपाईची एक कटकट म्हणून बघत होतो. आता वाटतं, तो कागद पांढरा ठेवणाऱ्याला आमचं लिंबाखालचं टेबल दिसत असावं. कुणाच्या दारी जायचं ते मी ठरवीन. पण टेबलाशी जो येईल त्याला नाव, अनुक्रमांक, खोली सांगायचीच. लेख लिहिताना हे मला सुचलं नव्हतं, कारण सुचलं असतं तर ती म्हातारीही लिहावी लागली असती.

एका ठिकाणी मात्र तुमच्या बोलण्याला माझ्याकडे जोड आहे, उत्तर नाही. काही माणसं कुठल्याच गटाच्या यादीत नसतात. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायचे दिवस. मराठवाड्यातून आमच्या रानात तोडीला येणाऱ्या टोळ्यांचं मत त्यांच्या गावी. इथल्या एकाही कार्यकर्त्याला त्यांच्या कोप्यांकडे, म्हणजे रानातल्या झोपड्यांकडे, फिरकायचं कारण नसतं, आणि त्यांच्या गावच्या पुढाऱ्याला ते परवडलं तरच तो ट्रक पाठवणार, म्हणजे पुन्हा गाडीचा तोच प्रश्न. कुपवाडच्या एमआयडीसीत भाड्यानं राहणाऱ्या, नाव गावाकडेच राहिलेल्या पोरांचंही तसंच. इथे पक्षाचा स्वार्थ पोचत नाही आणि प्रभातफेरीही पोचत नाही.

मूळ लेखातलं जीपचं वाक्य मी आज मागं घेतलंय. पुसलेलं नाही, वर रेघ मारून तसंच ठेवलंय, खाली तुमची प्रतिक्रिया जोडली आहे. नाव घातलेलं नाही. चालत असेल तर कळवा, घालतो.