एक्स-मेनमधल्या रोगबद्दल, आणि तिचा गुन्हा गाळून टाकणाऱ्यांबद्दल

"बिचारी रोग, तिला कुणाला साधा हातही लावता येत नाही." एक्स-मेनचा, म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधल्या म्यूटंटांच्या (जन्मतःच अचाट शक्ती असलेल्यांच्या) संघाचा विषय निघाला की हे वाक्य येतंच, सिनेमे बघून आलेल्यांकडून तर हमखास. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. रोग एक्स-मेनच्या दारात आली ती बिचारी म्हणून नव्हे. त्या घरातल्या माणसांच्या मैत्रिणीचं आयुष्य तिने ओरबाडून घेतलं होतं आणि ते डोक्यात घेऊनच ती मदत मागायला आली होती. हा भाग काढला की उरते ती हातमोजे घातलेली एक उदास मुलगी. तशी पात्रं कॉमिक्समध्ये ढिगाने आहेत. रोग एकच आहे, आणि ती कॅरल डॅनव्हर्समुळे, म्हणजे मिस मार्व्हल नावाच्या वीरांगनेमुळे आहे.

आधी तिची शक्ती नीट समजून घेऊ, कारण लिहिणारे बहुतेक वेळा इथेच घसरतात. तिच्या उघड्या त्वचेचा दुसऱ्याच्या त्वचेला स्पर्श झाला की त्या माणसाची शक्ती किंवा कसब, त्याच्या आठवणी आणि थोडाफार स्वभाव तिच्याकडे येतो. कधीकधी रंगरूपसुद्धा. समोरचा अशक्त होतो, बहुधा बेशुद्ध पडतो. घेतलेलं किती टिकणार हे स्पर्श किती वेळ राहिला त्यावर ठरतं. ढोबळ हिशेब एका सेकंदाला एक मिनिट असा सांगतात. स्पर्श फार लांबला तर घेतलेलं परत जातच नाही. मधे कापड असलं की काही होत नाही, म्हणून हातमोजे आणि गळ्यापर्यंतचे कपडे. हे सगळं आपोआप होतं, थांबवणं तिच्या हातात नसतं.

यात आठवणींचा भाग सगळ्यात जड आहे. शक्ती उसनी घेणारी पात्रं पुष्कळ आहेत. पण ज्याला मारलं त्याच्या आईचा आवाज, त्याची भीती, त्याचं प्रेम हे सगळं मारणाऱ्याच्या डोक्यात येऊन बसतं, असं इथे होतं. खलनायकाला आपल्या बळीकडे बाहेरून बघायची सोयच राहत नाही.

आणि एक गैरसमज. तिचं उडणं, प्रचंड ताकद आणि मार सहन करण्याची क्षमता ही तिची जन्मजात म्यूटंट शक्ती नाही. ती कॅरलची. 'ती उडते' असं आपण सहज म्हणतो तेव्हा चोरलेल्या वस्तूचंच कौतुक करत असतो.

ती चोरी कशी झाली? १९८१ सालचा, ॲव्हेंजर्स या मार्व्हलच्याच दुसऱ्या वीरसंघाचा दहावा ॲन्युअल, म्हणजे वार्षिक विशेषांक. लेखक क्रिस क्लेअरमाँट, चित्रं मायकल गोल्डनची. रोगचं हे पहिलं दर्शन. ती मिस्टिकच्या ब्रदरहुडमध्ये, म्हणजे म्यूटंट खलनायकांच्या टोळीत आहे, मिस्टिक आणि डेस्टिनी या दोघींनी तिला वाढवलंय. अंक सुरू होतो तो सॅन फ्रान्सिस्कोत, गोल्डन गेट पुलावरून कॅरल खाली पडते तिथे. स्पायडर-वूमन तिला वाचवते, पण वाचलेल्या बाईला स्वतःचं नावही आठवत नाही. पुढे त्याच अंकात रोग कॅप्टन अमेरिका आणि थॉर यांच्याही शक्ती घेते, पण त्या ठरावीक वेळाने परत जातात. कॅरलच्या जात नाहीत. एक्स-मेनचा गुरू प्रोफेसर झेवियर कॅरलच्या आठवणी बऱ्याचशा परत मिळवून देतो, मात्र त्यांच्यातली भावना नाही. आपले आईवडील कोण हे तिला कळतं, त्यांच्याबद्दल काही वाटत नाही. खुनापेक्षा हे बरं म्हणायचं की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही.

गंमत म्हणजे हल्ला प्रत्यक्ष या अंकात दिसतच नाही. तो मुळात मिस मार्व्हलच्या स्वतःच्या मासिकात यायचा होता. ते मासिक १९७९ मध्ये तेविसाव्या अंकावर बंद पडलं आणि उरलेला मजकूर थेट १९९२ मध्ये छापला गेला. म्हणजे रोग नायिका होऊन लोकांची लाडकी झाली तेव्हा तिचा मूळ गुन्हा वाचकांनी पानावर पाहिलेलाच नव्हता. त्याचे परिणाम तेवढे पाहिले होते. माझ्या मते हा अपघात पात्राच्या पथ्यावर पडला. हल्ल्याची चित्रं आधी डोळ्यांसमोर असती तर १९८३ साली तिला घरात घेणं वाचकाला याहून किती तरी अवघड गेलं असतं.

आता अनकॅनी एक्स-मेनचा १७१ वा अंक, जुलै १९८३, चित्रं वॉल्ट सायमनसनची. रोग झेवियरच्या दारात येते. डोक्यात कॅरल इतकी भरलीय की आपण कोण हे तिला धड कळत नाही. मिस्टिकने माया केली, पण हे मिस्टिकच्या आवाक्यातलं नाही. झेवियर ठेवून घेतो म्हटल्यावर त्याचे विद्यार्थी भडकतात, आम्ही निघून जातो म्हणतात. आणि त्यांचं बरोबर आहे! कॅरल त्यांच्यात राहिलेली, त्यांच्याबरोबर लढलेली. क्लेअरमाँट त्यांना कोत्या मनाचं ठरवत नाही. मग कॅरल स्वतः येते. अंतराळातल्या प्रसंगातून तिला नव्या शक्ती मिळाल्यात, ती आता बायनरी आहे. समोर रोग दिसल्यावर ती एक शब्द बोलत नाही. एकच ठोसा, आणि रोग छप्पर फोडून थेट आभाळात.

झेवियरचा निर्णय तरीही बदलत नाही. हे घर मदत लागणाऱ्या म्यूटंटांसाठी आहे, आणि तिला मदत लागतेय. कॅरल निघून जाते. जिच्यावर अन्याय झाला ती बाहेर आणि जिने केला ती आत! हा निर्णय न्याय्य आहे असं अंक कुठेही म्हणत नाही, आणि म्हणूनच तो खरा वाटतो. झेवियरने रोगला माफ केलेलं नाही, तो अधिकारच त्याच्याकडे नाही. त्याने तिला फक्त राहायला खोली दिली.

आधीच्या पिढीत हे किती सोपं होतं ते बघा. क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच १९६४ मध्ये मॅग्नेटो या खलनायकाच्या, आधीच्या ब्रदरहुडमधून आले आणि १९६५ च्या मे महिन्यात ॲव्हेंजर्सच्या सोळाव्या अंकात थेट संघात दाखल झाले. अर्ज, निवड, नवा संघ, सगळं एकाच अंकात. वाचायला मजा येते, पण तिथे कुणाला काही पचवावं लागत नाही. पक्ष बदलायला निव्वळ इच्छा पुरते.

रोगला ती पुरत नाही. पुढचे दोन अंक, १७२ आणि १७३, जपानमध्ये घडतात. सायमनसन जाऊन पॉल स्मिथ परत येतो आणि या मासिकातली काही सर्वांत देखणी पानं तो इथे काढतो. एक्स-मेनमधल्या वुल्व्हरिनचं मारिकोशी लग्न ठरलंय. रोग दारात उभी राहिलेली त्याला खपत नाही. कॅरल त्याची जुनी मैत्रीण. बाकीचे विषबाधेने आडवे झालेले, त्यामुळे नाइलाजाने या दोघांनाच बरोबर लढावं लागतं. शेवटी व्हायपर या खलनायिकेच्या शस्त्राचा मारा मारिकोवर येतो तेव्हा रोग मधे पडते आणि तो अंगावर घेते. कॅरलची ताकद असूनही ती मरायला टेकते. मग वुल्व्हरिन आपण होऊन तिचं चुंबन घेतो, जखमा भरून आणणारी त्याची शक्ती तिला मिळावी म्हणून.

मी या प्रसंगावर अडून राहतो त्याला कारण आहे. तोपर्यंत रोगने जे घेतलं ते हिसकावून घेतलं होतं. इथे पहिल्यांदा कुणीतरी तिला देतं. शक्ती तीच, नियम तेच, बदललेली आहे ती संमती. पात्र सुधारल्याचं दाखवायला भाषण लागलं नाही, तिच्या शक्तीचाच उलटा वापर पुरला. सप्टेंबर १९८४ च्या १८५ व्या अंकात, जॉन रोमिटा ज्युनियरच्या चित्रांत, हाच धागा पुढे जातो. मिसिसिपी नदीच्या काठी रोगच्या गावाकडे एक्स-मेनमधली स्टॉर्म आपली शक्ती आपखुशीने तिच्या हाती देते, जग आपल्या डोळ्यांनी बघता यावं म्हणून. त्याच अंकात सरकारचं शक्ती काढून घेणारं शस्त्र रोगवर रोखलेलं असतं आणि मार बसतो स्टॉर्मला.

मधे फेब्रुवारी १९८४ चा १७८ वा अंक आहे. मिस्टिक मुलीला परत न्यायला येते. झेवियरने पोरीच्या मनावर ताबा मिळवलाय अशी तिची खात्री असते. रोग सांगते की मी माझ्या पायांनी आले. मिस्टिक आयुष्यात अनेक वाईट गोष्टी करते, पण या अंकात ती फक्त आई आहे, आणि त्यामुळे रोगची ओढाताण खरी होते. एका बाजूला आपल्यावर माया करणारी गुन्हेगार माणसं, दुसऱ्या बाजूला आपल्याकडे संशयाने बघणारी भली माणसं. चांगलं की वाईट असा साधा प्रश्न तिच्यापुढे नाहीच.

आणि कॅरल डोक्यातून जात नाही. १८२ व्या अंकात कॅरलच्या आठवणी रोगचा ताबा घेतात. ती कॅरलच्या जुन्या सहकाऱ्याला सोडवायला शील्ड या हेरसंस्थेच्या उडत्या तळावर धडकते आणि त्यातून कायद्याच्या नव्या अडचणी अंगावर ओढवून घेते. पुढे १९८८ च्या, जेनोशा या काल्पनिक देशात घडणाऱ्या कथेत, २३६ व्या अंकात, रोगची शक्ती काढून घेतात, पहारेकरी तिच्या अंगाशी झोंबतात आणि ती आतल्या आत मिटून जाते. तेव्हा पुढे येते कॅरल. लष्करात आणि हेरखात्यात काढलेली वर्षं वापरून ती रोगच्या शरीराला त्या तुरुंगातून बाहेर काढायला लागते. जिचं सगळं हिरावलं, तीच हिरावून घेणारीला वाचवते. एक्स-मेनच्या इतक्या वर्षांत याच्या तोडीचं फार थोडं लिहिलं गेलंय असं माझं ठाम मत आहे.

मग १९९० चा २६९ वा अंक, जिम लीची चित्रं. रोग आणि तिच्या डोक्यातली कॅरलची छाया वेगळ्या होतात, दोघींपैकी एकच जगू शकते अशी अवस्था येते, आणि मॅग्नेटो येऊन छायेला संपवतो. चित्रं जबरदस्त आहेत, हे मान्य. पण नऊ वर्षं चाललेला हिशेब तिसऱ्याच माणसाने एका फटक्यात मिटवला आणि रोगला त्यात काही ठरवावंच लागलं नाही. त्यानंतर तिच्या आयुष्यात गॅम्बिट आला, प्रेमकथा आली. मला ती आवडते. २०१८ मध्ये दोघांचं लग्न झालं तेव्हा आनंदही झाला. पण नव्वदच्या दशकात रोगचं दुःख म्हणजे फक्त 'प्रियकराला स्पर्श करता येत नाही' एवढंच उरत गेलं. दुसऱ्या कुणाचं काय झालं हा प्रश्नच मागे पडला.

२००० सालच्या सिनेमाने ते पूर्ण पुसलं. तिथे ती घर सोडून पळालेली शाळकरी मुलगी आहे. गुन्हा म्हणाल तर एका मुलाचं अजाणता घेतलेलं चुंबन. ब्रदरहुडशी तिचा संबंध काय, तर मॅग्नेटो यंत्र चालवायला तिला पळवून नेतो. नायक आणि खलनायक यांच्यात ती ओढली जाते ती वस्तूसारखी, तिला स्वतःला काही निवडायचं नसतं. मग २००६ च्या सिनेमात ती औषध घेऊन शक्ती घालवते आणि प्रश्न संपतो. लोकांना तो शेवट पटला नाही, पण त्याचं बीज पहिल्याच सिनेमात होतं. अडचण फक्त त्वचेची असेल तर त्वचेवर इलाज पुरेसाच आहे. डोक्यात कॅरल असती तर कुठलं औषध पुरलं असतं?

उलट १९९२ च्या कार्टून मालिकेने कमी वेळात, लहान मुलांसाठी असूनही, दुसऱ्या सीझनमध्ये एक पूर्ण भाग या गुन्ह्याला दिला. मिस मार्व्हल इस्पितळात निपचित पडलेली आणि रोगच्या डोक्यात तिचा आवाज. वीसेक मिनिटांत जमतं ते पावणेदोन तासांच्या सिनेमात का जमू नये?

नंतरच्या दोन गोष्टी न्यायाच्या वाटतात. २००९ मध्ये माइक कॅरीने एक्स-मेन लेगसीत तिला शक्तीवर ताबा मिळवून दिला, पण तो तिच्या मनातली जुनी गाठ सोडवून. आणि २०१४ मध्ये अनकॅनी ॲव्हेंजर्समध्ये अख्ख्या जगावरचं संकट परतवायला बाकीचे वीर आपापली शक्ती तिच्या हवाली करतात. त्यातली वंडर मॅनची तिच्याकडेच राहते. उडणं आणि ताकद पुन्हा आली, या वेळी दिलेली. वुल्व्हरिनच्या त्या चुंबनाचा धागा कुणीतरी लक्षात ठेवला होता.

ज्यांना वाचायचंय त्यांनी क्रम असा धरावा: ॲव्हेंजर्सचा दहावा ॲन्युअल, मग अनकॅनी एक्स-मेनचे १५८ आणि १६४, नंतर १७१ ते १७३, १७८, १८२, १८५, आणि शेवटी २३५ ते २३८. १५८ मध्ये रोग पेंटागॉनमध्ये कॅरलसमोरच उभी ठाकते. १६४ मध्ये कॅरलची बायनरी होते. त्या अंकात रोग नाही म्हणून बरेच जण तो सोडतात. सोडू नका. कॅरलने काय गमावलं आणि त्यानंतर स्वतःला कसं उभं केलं हे तिथे आहे, आणि ते वाचलं नसेल तर १७१ मधला तो ठोसा नुसती मारामारी वाटतो.