‘सारखी सर्दी म्हणजे जनुकांचा दोष’: या मेसेजमध्ये काय चुकतंय

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. मूल वर्षात पाच-सहा वेळा सर्दी-खोकल्याने आजारी पडलं, तर त्याची प्रतिकारशक्ती जन्मतःच कमी आहे. हा दोष आईवडिलांच्या जनुकांतून येतो. लाळेच्या चाचणीत तो कळतो आणि ‘इम्युनिटी बूस्टर’ने भरून निघतो. यातल्या एका मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बाकीचे मुद्दे एकेक करून तपासू.

‘वर्षात पाच-सहा वेळा म्हणजे प्रतिकारशक्ती कमी.’ नाही. पाच वर्षांखालच्या निरोगी मुलाला वर्षाला ६ ते ८ वेळा सर्दी होते. पाळणाघरात किंवा बालवाडीत जाणाऱ्याला १० ते १२ वेळाही. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत आणि एकाशी लढून मिळालेलं संरक्षण दुसऱ्यापुढे फारसं चालत नाही. त्यात आईकडून गर्भात मिळालेली प्रतिपिंडं ओसरतात, बाळाची स्वतःची पुरेशी तयार व्हायची असतात. त्यामुळे ३ ते ६ महिन्यांच्या वयात त्यांची पातळी सगळ्यात खाली असते. एक सर्दी १० दिवस रेंगाळली तरी आठ सर्द्यांचे ८० दिवस होतात, तेही बरेचसे पावसाळ्यात आणि थंडीत. म्हणून मूल ‘कायमच आजारी’ वाटतं. नुसत्या सर्द्या मोजू नका. दोन आजारांच्या मध्ये मूल पूर्ण बरं होतं का, खेळतं-जेवतं का, वजन वाढतं का, ते बघा.

‘हा जनुकांचाच दोष.’ तथ्य आहे ते इथे, पण मेसेज दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो.

पहिली गोष्ट, सर्वसाधारण फरक. सीडीएचआर३ हे जनुक श्वासनलिकेच्या पेशींवरचं एक प्रथिन बनवतं आणि ऱ्हायनोव्हायरस-सी त्यालाच धरून आत शिरतो. या प्रथिनात ५२९व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाच्या घटकाऐवजी) टायरोसीन असेल, तर ते पेशीच्या पृष्ठभागावर जास्त प्रमाणात येतं आणि विषाणूला जास्त दारं मिळतात. अशा मुलांत या विषाणूचे आजार आणि दम्याचे तीव्र झटके जास्त दिसतात. तरीही हा आजार नव्हे. असा फरक घेऊन असंख्य माणसं धडधाकट जगतात. लाळेच्या स्वस्त चाचण्या बहुधा असेच फरक मोजतात. त्यांच्या अहवालावरून उपचारात काहीच बदलत नाही.

दुसरी गोष्ट, एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारे दुर्मीळ आजार. बीटीके जनुक बिघडलं की प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी तयार होत नाहीत; मुलगा सहा महिन्यांचा झाला की वारंवार न्यूमोनिया, कान फुटणं सुरू होतं आणि घशात टॉन्सिल जवळजवळ दिसत नाहीत. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये कफ घट्ट होतो, वजन वाढत नाही, मुलाचा पापा घेताना त्वचा खारट लागते. सिलियांच्या, म्हणजे श्वासनलिकेतला कफ बाहेर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांच्या, जन्मजात आजारात जन्मापासूनच ओला खोकला आणि वाहतं नाक असतं. साधारण निम्म्या मुलांत हृदय उजवीकडे असतं.

‘घराण्यात कुणाला नाही, म्हणजे काळजी नाही.’ हा याच मेसेजचा उलटा अर्थ आणि तो जास्त घातक. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये आईवडील दोघेही निरोगी वाहक असतात, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत बाळगतात पण आजारी नसतात. दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालं असेल, तर एकच बिघाड दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. बीटीकेचा बिघाड आईकडून मुलाकडे येतो, म्हणून आईचा भाऊ किंवा मावशीचा मुलगा लहानपणी न्यूमोनियाने गेला होता का, हे विचारावंच लागतं. आधीचं मूल गंभीर प्रतिकारशक्ती-अभावाने गेलं असेल, तर बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगा. बाळाची तपासणी होईपर्यंत बीसीजी, तोंडावाटेचा पोलिओ आणि रोटाव्हायरस या जिवंत लशी थांबवाव्या लागतात.

‘लाळेच्या चाचणीत कळतं.’ तपासणीचा क्रम वेगळा आहे. वर्षात दोन न्यूमोनिया, वर्षात चार किंवा जास्त वेळा कानाचा संसर्ग, दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक नाही, वजन न वाढणं, खोलवर होणारे गळू: यातलं काही असेल तर आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि त्यातली लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची प्रत्यक्ष संख्या, मग आयजीजी, आयजीए, आयजीएम, आयजीई या रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी. सिस्टिक फायब्रोसिसचा संशय असेल तर घामातलं क्लोराइड. ६० मिलिमोल प्रतिलिटर किंवा जास्त आलं तर आजाराची शक्यता दाट. जनुक-चाचणी यानंतर, संशय कशाचा आहे ते ठरवून. एक चूक नेहमी होते: प्रयोगशाळा अहवालावर मोठ्या माणसांची पातळी छापते आणि सहा महिन्यांच्या निरोगी बाळाचं आयजीजी ‘कमी’ ठरतं. वयानुसारचा तक्ता मागा. या आजारांचं निदान मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होतं.

‘बूस्टरने भरून निघतं.’ कोणतंही सिरप जनुक दुरुस्त करत नाही. बी-पेशी नसलेल्या मुलाला इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, शिरेतून दिलं तर दर ३-४ आठवड्यांनी. मध घातलेलं चाटण वर्षाखालच्या बाळाला देऊ नका, बॉट्युलिझमचा (जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा) धोका असतो. निरोगी मुलाला खरा उपयोग होतो तो न्यूमोकोकल लशीचा (६ आठवडे, १४ आठवडे, ९ महिने) आणि घरातली विडी-सिगारेट, डासांची कॉइल, चुलीचा धूर बंद करण्याचा.

साध्या सर्दीतही श्वास मोजायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०: आकडा एवढा किंवा याहून जास्त आला, किंवा छाती आत ओढली जाताना दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.