भाचीनं एग फ्रीझिंग केलं? मग असं बोला

कोथरूडच्या तुमच्या हॉलमध्ये चहा पिता पिता भाचीनं सांगितलं की तिनं एग फ्रीझिंग करून घेतलंय, म्हणजे पुढे कधी मूल हवं झालं तर म्हणून स्वतःची स्त्रीबीजं गोठवून ठेवलीयत, तर आधी कपबशी खाली ठेवा आणि विचारा, "पण गरज काय होती?" केमोथेरपीच्या आधी केलं असतं तर आपणही डोळे पुसले असते. धडधाकट मुलगी, हिंजवडीत नोकरी, आणि हे! याला चोचले म्हणतात.

मग "करिअरच्या मागे लागलं की असंच होतं" हे वाक्य टाका. ती म्हणेल, करिअरचं काही नाही मावशी, धड माणूस भेटला नाही. ऐकू नका. तुम्हीच आणलेली स्थळं तिला आठवत असणार. एकाच्या आईनं तिचा पगार विचारून तिथल्या तिथे फ्लॅटचा हप्ता मांडला होता. अडतिशीचा एक घोडा पोह्यांची दुसरी डिश संपवून "मुलीचं वय जरा जास्त वाटतं" म्हणून गेला. "पस्तिशीनंतर अवघड जातं गं" असं दर रविवारी फोनवर सांगणाऱ्या तुम्हीच, हा विषय काढू नका. तिनं ते मनावर घेतलं, एवढीच तिची चूक.

वैद्यकीय मुद्द्यांवर मात्र जपून. दहा-बारा दिवस तिनं स्वतःच्या पोटात स्वतः इंजेक्शनं टोचलीयत, मग भूल देऊन सुईनं स्त्रीबीजं काढलीयत. गोठवलेली सगळी टिकत नाहीत आणि टिकलेल्या प्रत्येकाचं मूल होत नाही, हे वाचून तिनं सही केलीय. कायदाही काढू नका. अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यात बाईचं वय २१ ते ५० हवं एवढंच पाहतात, मंगळसूत्र नाही.

"निसर्गाच्या विरुद्ध आहे" असं म्हणायचंच असेल तर फ्रीजपासून लांब बसून म्हणा. वरच्या कप्प्यात जानेवारीत मंडईतून आणलेला मटार आहे. सोलून, उकळत्या पाण्यातून काढून, पिशव्यांत भरून ठेवलेला. आत्ता चांगला मिळतोय, पुढे मिळेल न मिळेल, हे तुमचेच शब्द.

आणि हो, घरातल्या आजींना यातलं काही कळू देऊ नका. आमच्या ओळखीत एका घरी कळलं. आजी आधी म्हणाल्या, "आपल्या घरात अंडं चालत नाही." सगळं समजावल्यावर बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "गुरुवारी लाइट जातात, तेव्हा काय करतात गं ते लोक?"

नात म्हणाली, "ते द्रव नायट्रोजनमध्ये असतं आजी, उणे १९६ अंशांत. त्याला लाइट लागत नाही."

"मग आपला मटार पण तिथेच ठेव की."