दोन सेंटिमीटर कमी

आमच्या लेकराची उंची ११८ सेंटिमीटर आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीजवळच्या थीम पार्कला जायचं ठरलं आणि आमच्या लातूरच्या घरात माणसं टेप घेऊन फिरायला लागली. ह्याला ज्या राइडमध्ये बसायचं होतं तिला किमान १२० लागत होते.

ही अट का असते तेही मी वाचून काढलं. कंबरेवर येणारा दांडा ठरावीक मापाचा असतो, बारकं लेकरू त्याच्याखालून सटकू शकतं. आईला हे पटलं नाही. "दोन सेंटिमीटरचं काय एवढं? तुझी तर अख्खी जन्मतारीख मास्तरनं बदलली." खरंय. मी भर पोळ्याला जन्मलेला माणूस, पण कागदोपत्री १ जूनचा. माझ्या वर्गातला निम्मा गाव त्याच दिवशी जन्मलाय.

शिवाय तिकीटही उंचीवरच. कमी उंचीला लहान मुलाचं, पुढं पूर्ण. म्हणजे खिडकीवर बुटकं दिसायचं आणि राइडपाशी उंच. पैकी बुटकं दिसण्याचा अभ्यास ह्याचा पक्का होता. एसटीत पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही, पुढं बारापर्यंत अर्धं. त्यामुळं सहावं सरत आलं तरी ह्याचं चौथंच चालू होतं. "खाकी दिसली की गुडघे वाकव," हा धडा आजीनं त्याला बाराखडीच्या आधी दिला होता. (मलाही तिनंच दिला होता. माझी उंची त्यामुळंच राहिली असा मला दाट संशय आहे.)

बाकीचं नियोजन सोपं होतं असं नाही. हैदराबादचे पार्क आम्हाला जवळ, पण आई म्हणाली, तिकडं वाटेत देव कुठला? खोपोलीला महडचा वरदविनायक शेजारी, पालीचा बल्लाळेश्वर पुढं. चौघांची सहल बघता बघता अकरा जणांची झाली, कार जाऊन क्रूझर आली. धपाट्यांची चळत आणि शेंगदाण्याची चटणी आत नेऊ देतील का, ह्यावर दोन दिवस गेले. धाकटीला लाटांच्या तळ्यात डुंबायचं होतं. ते ऐकून आबा इतकंच म्हणाले, "२०१६ ला मिरजेहून पाणी रेल्वेत बसून आपल्याकडं आलं. आता आपण क्रूझरमध्ये बसून पाण्याकडं जायलाव. फिटंफाट."

इकडं उंची वाढवायची मोहीम जोरात होती. दूध, खारीक, चौकटीला लोंबकळणं. धनत्रयोदशीला माप घेतलं तर ११९ आणि वर काही रेषा. मग बायकोनं कुठंतरी वाचलं की माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळी खुजा. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या गाद्या दबतात, सेंटिमीटरभराचा फरक पडतो. टेप आणला. सकाळी १२० भरले! संध्याकाळी पुन्हा ११९. घरात जल्लोष आणि सुतक एकाच दिवशी.

आता सगळं वेळापत्रक मणक्यावर आलं. सकाळी उठल्या उठल्या पार्क गाठायचं, देव नंतर. आई उठून आतच गेली. "देवाला डावलून पाळण्यात बसायचं?" बऱ्याच वाटाघाटींनंतर तोडगा निघाला: महड आधी, पाली नंतर, आणि लेकराला चारशेक किलोमीटर मागच्या सीटवर आडवं न्यायचं. चुलत्यांनी जागा सोडली आणि चारही जण पाय पोटाशी घेऊन बसले. टेंभुर्णीला ह्याला चहाला उतरायचं होतं, उतरू दिलं नाही. महडला दर्शनाच्या रांगेत उभं राहावं लागेल म्हणून मी घाबरलो, तर आई म्हणाली, "आत गेल्यावर साष्टांग घालायला लाव. तेवढंच आडवं."

दहा-सव्वादहाला पार्कात शिरलो. तिकीट लहानाचंच बसलं. बाकीच्यांना कुठं काय आहे तेही न बघता ह्याला खांद्यावर घेऊन पळत राइड गाठली. तिथं मापाची पट्टी होती. मी ह्याला खाली ठेवलं. केस बसवले, बूट काढले, मान सरळ केली. पट्टीच्या खुणेला डोकं बरोबर टेकलं. बायकोनं फोटोसाठी फोन वर धरला.

तेवढ्यात उंची बघायला राइडवरचा माणूस पुढं आला. त्याचा शर्ट खाकी होता.

"बाळा, किती वर्षांचा?"

"चार," लेकरू म्हणालं, आणि त्यानं गुडघे वाकवले.