कार्लाइलचा १९१२ चा हंगाम आणि त्यावर रचलेली खोटी बोधकथा

‘रेड इंडियन मुलांनी अमेरिकन लष्कराला मैदानात कसे लोळवले’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मराठी संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. माझी धाकटी बहीण नाशिक जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत शिकवते. तिच्या सहकारी शिक्षकांच्या गटावर हा संदेश आला, त्याचे भरभरून कौतुक झाले आणि तो परिपाठात मुलांना वाचून दाखवावा असे ठरू लागले, तेव्हा तिने तो मला पाठवून त्यातले खरे किती, असे विचारले. एवढ्या बेफिकिरीने लिहिलेला मजकूर आदिवासी मुलांसमोर बोधकथा म्हणून वाचला जाणार असेल, तर त्याला मुद्देसूद उत्तर देणे भाग आहे.

संदेशाचा गोषवारा असा. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील शाळेने रानावनात भटकणाऱ्या इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासी, मुलांना आणून माणसांत बसवले. ज्यांनी फुटबॉल कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्या मुलांनी काही महिन्यांतच तो आत्मसात केला आणि १९१२ च्या हंगामात एकही सामना गमावला नाही. जिम थॉर्प या खेळाडूने एकट्याने वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला हरवले आणि त्याच सामन्यात भावी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचा गुडघा मोडला. पुढे केवळ कातडीच्या रंगामुळे थॉर्पची ऑलिंपिक पदके काढून घेण्यात आली व ती कधीच परत मिळाली नाहीत. शेवटी तात्पर्य असे, की आदिवासी मुलांना घरापासून, भाषेपासून आणि ‘जुनाट संस्कारांपासून’ लांब ठेवले तरच त्यांच्यातून असे हिरे निघतात. सोबतच्या चित्रात गोल चेंडूला लाथ मारणारा मुलगा आहे, वास्तविक हा खेळ अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन फुटबॉल आहे. लिहिणाऱ्याने विषयाकडे किती लक्ष दिले, हे तेवढ्यावरूनच कळते.

‘फुटबॉल कधी पाहिलाही नव्हता’ हा दावा आधी बाजूला सारू. कार्लाइलचा संघ १८९० च्या दशकापासून मोठमोठ्या महाविद्यालयांशी खेळत होता. १९०६ साली चेंडू पुढे फेकण्यास नियमाने परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी या संघाने त्या फेकीचा असा वापर केला, की हार्वर्डला त्यांच्याकडून २३-१५ अशी हार पत्करावी लागली. १९११ मध्ये हार्वर्ड पुन्हा १८-१५ असे हरले. १९१२ मध्ये नियम बदलले, टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे, पाचाऐवजी सहा गुण झाले, दहा यार्ड पुढे जाण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, आणि आकाराने लहान पण चपळ असलेल्या या संघाने ते बदल इतरांपेक्षा लवकर पचवले. पॉप वॉर्नर हा प्रशिक्षक त्या काळातला अत्यंत कल्पक डावपेचकार होता, हे मान्यच करावे लागेल. पण खेळणारे काही अजाण बालक नव्हते. थॉर्प त्या वर्षी पंचविशीचा होता, आणि या संघामागे वीस वर्षांचा सराव व अनुभव उभा होता. तो पुसून टाकून ‘काही महिन्यांचा चमत्कार’ सांगणे म्हणजे खेळाडूंचे कष्ट चोरून शिकवणाऱ्याच्या पदरात घालणे होय.

हंगाम अजिंक्य होता, हेही खोटे आहे. चौदा सामन्यांपैकी बारा जिंकले, वॉशिंग्टन अँड जेफरसन महाविद्यालयाशी सामना ०-० असा बरोबरीत सुटला आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६ असा पराभव झाला. संघाने एकूण ५०४ गुण केले आणि ११४ दिले. ही कामगिरी मुळातच इतकी भरघोस आहे, की तिला खोट्याची ठिगळे लावण्याची गरज कोणाला का वाटावी, हे मला समजत नाही.

आता आयझेनहॉवरचा गुडघा. या गोष्टीत सत्याचा अंश एवढाच, की ९ नोव्हेंबर १९१२ रोजी वेस्ट पॉइंट येथे झालेल्या सामन्यात आयझेनहॉवर लष्कराकडून खेळत होता आणि थॉर्पला अडवण्याच्या धडपडीत त्याला मार बसला. ज्या दुखापतीने त्याचे खेळणे कायमचे थांबले, ती मात्र पुढच्या शनिवारी, १६ नोव्हेंबरला, टफ्ट्स महाविद्यालयाविरुद्धच्या सामन्यात झाली, आणि त्यानंतर काही दिवसांनी घोडेस्वारीच्या कवायतीत तोच गुडघा पुरता निकामी झाला. त्या १६ नोव्हेंबरला थॉर्प कोठे होता? तो फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध खेळत होता, म्हणजे त्या हंगामातला कार्लाइलचा एकमेव पराभव ज्या दिवशी झाला, तोच हा दिवस. दुसऱ्या शहरात खेळणाऱ्या माणसाच्या माथी ही दुखापत मारण्यापूर्वी तारखा ताडून पाहण्याचेही कष्ट संदेशकर्त्याने घेतलेले नाहीत. आयझेनहॉवरने स्वतः पुढे अनेक वर्षांनी, राष्ट्राध्यक्षपद सोडल्यानंतर, थॉर्पची जाहीर स्तुतीच केली होती.

‘एकट्याने हरवले’ हा दावाही टिकत नाही. सामना कार्लाइलने २७-६ असा जिंकला, पण पहिला टचडाउन लष्कराचा होता आणि मध्यंतराला कार्लाइलची आघाडी जेमतेम एका गुणाची होती. कार्लाइलच्या चार टचडाउनपैकी तीन ॲलेक्स अर्कासाचे आणि एक जो बर्गीचा. थॉर्पच्या धावांनी लष्कराची फळी खिळखिळी झाली हे निर्विवाद आहे, आणि हंगामभरात त्याने केलेले पंचवीस टचडाउन कोणी नाकारत नाही, परंतु त्या दिवशीच्या गुणफलकावर टचडाउनच्या रकान्यात त्याचे नाव नाही. संघ चालवणारा क्वार्टरबॅक गस वेल्च हा ओजिब्वे जमातीचा. संघातला जो गायन हा खेळाडूही ओजिब्वे होता, आणि त्याच्याशी धसमुसळेपणा केल्याबद्दल लष्कराचा कर्णधार डेव्होर याला पंचांनी मैदानाबाहेर काढले. संदेशात यांच्यापैकी एकाचेही नाव नाही.

इथवरच्या चुका अडाणीपणाच्या म्हणून सोडूनही देता आल्या असत्या. संदेशाचे तात्पर्य मात्र सोडून देण्यासारखे नाही, कारण त्यात हंगामाचे यश शाळेच्या पदरात टाकून, मुलांना घरापासून तोडणे हेच त्या यशाचे कारण ठरवले आहे.

कार्लाइलची शाळा १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने एका जुन्या लष्करी छावणीत सुरू केली. तिचे उद्दिष्ट त्याने लपवले नाही. १८९२ मधल्या एका भाषणात त्याने ते सांगितले: माणसातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा. मुले आली की त्यांचे केस कापले जात, अंगावरचे कपडे काढून गणवेश चढवला जाई, आणि स्वतःच्या भाषेत बोलण्यास मनाई असे. पहिल्या तुकडीत आलेल्या लुथर स्टँडिंग बेअर या लाकोटा जमातीच्या मुलाने पुढे मोठेपणी लिहून ठेवले आहे, की फळ्यावर अनोळखी अक्षरांत काही नावे लिहिली होती, प्रत्येक मुलाच्या हातात छडी दिली गेली आणि त्यातल्या एकावर ती टेकवायला सांगितले. ज्या अक्षरांवर छडी टेकली, ते त्याचे नाव ठरले, आणि ते पांढऱ्या फितीवर लिहून सदऱ्याच्या पाठीवर शिवण्यात आले. त्या मुलाला ते वाचताही येत नव्हते. संदेशात ‘माणसांत बसवले’ असे ज्याला म्हटले आहे, त्याची सुरुवात अशी होती.

‘पालकांनी कृतज्ञतेने मुले सोपवली’ असे एक वाक्य संदेशात आहे. काही पालकांनी मुले स्वेच्छेने पाठवली, काही तरुण स्वतःहून आले, आणि थॉर्पसारख्यांना तेथे मैदान मिळाले, हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. पण १८९१ च्या कायद्याने सरकारी अधिकाऱ्यांना इंडियन मुलांची शाळेतली हजेरी सक्तीने घडवून आणण्याचे अधिकार मिळाले, आणि १८९३ मध्ये मुले न पाठवणाऱ्या कुटुंबांचा शिधा रोखण्याचीही मुभा मिळाली. आधीच जमीन आणि शिकार गेलेल्या घराचा शिधा बंद करण्याची धमकी दिल्यावर मिळणाऱ्या होकाराला कृतज्ञता म्हणता येत नाही. १८९५ मध्ये होपी जमातीच्या एकोणीस पुरुषांना अल्काट्राझ बेटावर डांबण्यात आले, आणि त्यांच्या अपराधांत मुलांना सरकारी शाळेत घालण्यास विरोध हा एक प्रमुख होता. त्याआधी फ्लोरिडात युद्धकैदी म्हणून ठेवलेल्या अपाचे कुटुंबांतली मुले उचलून कार्लाइलला आणली गेली, आणि त्यांतली कितीतरी क्षयाने दगावली. शाळेच्या आवारात मुलांचे कब्रस्तान आहे, त्यात दीडशेहून अधिक कबरी आहेत, आणि २०१७ पासून त्यांतील काही मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत पाठवले जात आहेत. ज्या शाळेला कब्रस्तान लागले, तिचा आदर्श आपल्या आश्रमशाळांपुढे ठेवताना शिक्षकांचा हात अडखळायला हवा होता.

तरीही कोणी म्हणेल, की निदान खेळाडूंचे तरी शाळेने भले केले. याचे उत्तर खेळाडूंनीच दिलेले आहे, आणि ते अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त आयोगाने १९१४ च्या फेब्रुवारीत कार्लाइल येथे घेतलेल्या सुनावणीच्या छापील नोंदीत आहे. ही चौकशी कोणा परक्या टीकाकाराच्या सांगण्यावरून झाली नाही. तिच्यामागे दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज होता, आणि तो अर्ज उभा करण्यात पुढाकार होता तो गस वेल्चचा, म्हणजे लष्कराला हरवणाऱ्या संघाच्या क्वार्टरबॅकचा. वेल्चने आयोगापुढे प्रशिक्षक वॉर्नरच्या कौशल्याला दाद दिली, पण तो तत्त्वशून्य माणूस आहे, असेही स्पष्टपणे सांगितले. खेळाडूंना दिली जाणारी शिवीगाळ, सामन्यांतून मिळणारा पैसा सरकारी हिशेबाबाहेर ठेवून केलेला खर्च, हे सारे त्या सुनावणीत उघडे पडले. ज्युलिया हार्डिन या विद्यार्थिनीने शाळेच्या बँडमास्तराने आपल्याला लाकडी फळीने कसे मारले, ते आयोगाला सांगितले. परिणामी अधीक्षक मोझेस फ्रीडमन आणि तो बँडमास्तर या दोघांनाही जावे लागले, पुढे वॉर्नरनेही शाळा सोडली आणि १९१८ मध्ये शाळा बंद होऊन आवार पुन्हा लष्कराकडे गेले. संदेशकर्त्याने ज्या विजयी संघाचे गुणगान केले आहे, त्याच संघातल्या माणसाने या शाळेविरुद्ध सह्या गोळा केल्या, ही एक नोंद त्या साऱ्या तात्पर्याला पुरून उरते. जे यश मिळाले ते शाळेमुळे नव्हे, शाळा असूनही मिळाले, असे मी म्हणतो, कारण तिथे राहिलेल्यांनी शपथेवर जे सांगितले, त्याचा दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

राहिला पदकांचा मुद्दा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन (पाच मैदानी प्रकारांची) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) या दोन्ही स्पर्धांत थॉर्पने सुवर्णपदके मिळवली, आणि १९१३ च्या जानेवारीत, तो पूर्वी नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याची बातमी फुटल्यावर, ती काढून घेतली गेली. म्हणजे कारण कागदोपत्री तरी हौशी, म्हणजे पैसे न घेता खेळणाऱ्या, खेळाडूंच्या नियमाचे होते, आणि ‘केवळ रंगामुळे’ हे विधान जसेच्या तसे धरता येत नाही. मात्र स्पर्धांच्या नियमांप्रमाणे अशी हरकत तीस दिवसांच्या आत घ्यायला हवी होती, ती मुदत केव्हाच उलटून गेली होती, आणि त्याच्या बाजूने हा मुद्दा कोणीही मांडला नाही. आपण एक साधा इंडियन शाळकरी मुलगा होतो आणि या गोष्टी आपल्याला ठाऊक नव्हत्या, अशा आशयाचे माफीपत्र थॉर्पच्या सहीने गेले. ते वॉर्नरनेच तयार करून दिले असे अनेक अभ्यासक मानतात. वॉर्नर आणि फ्रीडमन यांनी आपल्याला काहीच माहीत नसल्याचे सांगून हात झटकले. शाळेचे कर्तेधर्ते त्या प्रसंगी आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूच्या पाठीशी उभे राहिले नाहीत, ही गोष्ट शाळेची थोरवी गाणाऱ्या संदेशात कोठेही नाही.

पदके ‘कधीच परत मिळाली नाहीत’ हेही चूक आहे. थॉर्प १९५३ मध्ये वारला, आणि १९८३ मध्ये पदकांच्या प्रतिकृती त्याच्या मुलांच्या हाती देण्यात आल्या, पण नोंदीत त्याला इतरांबरोबरचा संयुक्त विजेता म्हणून ठेवले गेले. जुलै २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लावले. त्या वेळी समितीने हेही जाहीर केले, की डेकॅथलॉनमध्ये दुसरा आलेला स्वीडनचा ह्यूगो वीस्लांडर याने आपल्याला देऊ केलेले सुवर्णपदक कधीच स्वीकारले नव्हते, आणि खरा विजेता थॉर्पच आहे, असे तो अखेरपर्यंत मानत होता.